आमचे जावईबापू पडतात

अंधेरीपासून भांडुपपर्यंतच्या टापूत आमच्या जावईबापूंइतका वारंवार, इतक्या निष्ठेने आणि इतक्या पूर्ण शुद्धीत जमिनीवर आडवा पडलेला माणूस दुसरा सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. ते खुर्चीवरून पडतात, पलंगावरून पडतात, चालता चालता पडतात, आणि उठल्यावर कपडे झटकून भिंतीकडे असे बघतात की जणू भिंतीने टाळ्या वाजवायला हव्या होत्या. दारूचा थेंब त्यांना चालत नाही. प्रकृती उत्तम आहे. पडणं हा त्यांच्या नोकरीचा भाग आहे. माझ्या धाकट्या बहिणीचे हे यजमान वयाने माझ्याच बरोबरीचे, त्यामुळे समोरासमोर आमचं अरे-तुरे चालतं. पण लिहिताना 'तो पडला' असं लिहिलेलं माझ्या आईला खपणार नाही, म्हणून इथे ते जावईबापू आणि आदरार्थी बहुवचनातच पडतील.

अंधेरीच्या एका कंपनीत ते कामाला आहेत. घरातल्या वस्तूंना इंटरनेट जोडून द्यायचा त्या कंपनीचा धंदा आहे. म्हणजे दिवा फोनवरून लावता येतो, कुलूप फोनवरून उघडतं, गॅस गळला तर फोन ओरडतो. या वस्तू बनवणारी हुशार मुलं वेगळी. ती वस्तू लोकांच्या घरी जायच्या आधी तिचे हाल हाल करायचे आणि ती टिकली तरच सही करायची, हे जावईबापूंचं काम. वस्तू बिघडली की इतरांचा चेहरा पडतो, यांचा उजळतो. मग ते फक्त एक शब्द म्हणतात, "सापडला." वाघाच्या शिकारीवरून आलेल्या माणसाच्या तोंडीही हा शब्द इतका समाधानाने येत नसेल.

हा स्वभाव नोकरीने आलेला नाही, उपजत आहे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मुलुंडच्या हॉलवर आम्ही सगळे फुलांच्या माळा कुठे लावायच्या यावर भांडत असताना नवरदेव स्वतः मागे जाऊन मेन स्विच बंद करून आले. हॉल अंधारात बुडाला. मॅनेजर धावत आला आणि छातीठोकपणे म्हणाला, "जनरेटर आहे साहेब, आपोआप चालू होतो." जनरेटर आपोआप चालू झाला नाही, हाताने झाला नाही आणि मॅनेजरने लाथ मारूनही झाला नाही. "सापडला," नवरदेव म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऐन मंगलाष्टकांत खरोखरच लाइट गेली आणि रातोरात दुरुस्त केलेला जनरेटर भटजींचं कडवं पुरं व्हायच्या आत घरघरला. सगळा हॉल अक्षता टाकायचं सोडून नवऱ्याकडे बघत राहिला. त्या दिवसापासून आईच्या मनात त्यांनी जे स्थान मिळवलं, ते मला अजून मिळालेलं नाही.

त्यांचा एक लाडका सिद्धान्त आहे. "ऑफिसात सगळंच चालतं रे. ऑफिसात भिंत कोरडी असते, नेट धावतं आणि कुणी फोडणी देत नाही." म्हणून कंपनीची प्रत्येक वस्तू त्यांच्या भांडुपच्या घरी मुक्कामाला येते आणि बहिणीच्या संसारात नांदून दाखवते. गॅसची गळती ओळखणारं यंत्र आलं ते हिंगाच्या पहिल्या फोडणीला किंचाळलं आणि मिरचीच्या ठसक्याला तर त्याने माझ्यासकट चार नातेवाइकांना फोन लावले. फोनवरून उघडणारं कुलूप आलं त्या दिवशी बहीण कचरा ठेवायला बाहेर पडली आणि दार मागे बंद झालं. ती गाऊनमध्ये जिन्यात, फोन आत, कुकर आत शिट्या मारतोय. तिने शेजारच्यांच्या फोनवरून नवऱ्याला ऑफिसात गाठलं. पलीकडून जो आनंदाचा उद्गार आला, तो ऐकून तिने फोन कापला आणि किल्लीवाल्याला बोलावलं. संध्याकाळी ते पेढे घेऊन आले. तिने ते घेतले नाहीत. "अगं, हेच एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरी झालं असतं तर?" ते म्हणाले. "मग मी गिऱ्हाईक का नाही झाले?" ती म्हणाली. ते कुलूप मात्र त्यांनी सहा महिने बाजारात जाऊ दिलं नाही.

सहलीसुद्धा त्यांच्या अशाच. आम्ही निसर्ग बघायला आरेच्या जंगलात जातो, ते नेट कुठे जातं ते बघायला येतात. झाडी दाट झाली आणि फोनवरच्या रेघा नाहीशा झाल्या की ते हवापालट झाल्यासारखे तरतरीत होतात. मढच्या किनाऱ्यावर गेलो तेव्हा बोंबील वाळत घातलेल्या वलांडीवर त्यांनी कंपनीच्या दोन डब्या चिमट्याने टांगल्या, खाऱ्या हवेत त्या किती तग धरतात ते पाहायला. बोंबलांची मालकीण येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिने डब्या बघितल्या, यांना बघितलं, आणि माझ्या बहिणीला म्हणाली, "घरी पण असाच हाय का?" बहिणीने फक्त मान हलवली. दोघींचं लगेच जमलं.

तर अशा माणसाच्या हाती कंपनीने ती पडण्याची डबी दिली. ही डबी भिंतीवर लावायची. तिच्यात कॅमेरा नाही, कुणाची छबी ती टिपत नाही. तिच्यातून निघणाऱ्या लहरींवरून खोलीतलं माणूस उभं आहे, बसलंय की कोसळलंय एवढंच तिला कळतं. माणूस पडलं की ती मुलाबाळांना फोन करते. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही सोय. जावईबापू कामाला लागले. ऑफिसात गादीवर हेल्मेट घालून आणि घरी गादी आणि हेल्मेट दोन्हीशिवाय ते पडू लागले. भांडुपला समोर राहणारे मालवणी काका एकदा उघड्या दारातून हे दृश्य बघून थबकले. "मेल्या, दुपारचीच घेतलंस?" त्यांनी विचारलं. "नाही काका, टेस्टिंग," जमिनीवरून उत्तर आलं. काकांनी बायकोला सांगितलं की पोरगा चांगला आहे, फक्त व्यसनाला इंग्रजी नाव देतो.

या डबीत आमच्या घराचा जीव अडकला होता. आई बोरिवलीला एकटी राहते. वडील गेल्यापासून ती दोन खोल्यांची जागा, खिडकीतली तुळस आणि चाळीस पावलांवरचं भजनी मंडळ हेच तिचं राज्य. गेल्या वर्षी एका सकाळी तिला घेरी आली आणि ती स्वयंपाकघरात दुपारपर्यंत जमिनीवर होती. दाराला लटकलेल्या दुधाच्या पिशव्या बघून शेजाऱ्यांनी दार उघडवलं म्हणून बरं. मी लगेच तिला मुलुंडला माझ्याकडे आणायचं ठरवलं. आई रडली नाही, भांडली नाही. तिने जेवण कमी केलं. शेवटी तह झाला: ही डबी पास होऊन तिच्या भिंतीवर लागली तर तिने बोरिवलीला राहायचं, नाहीतर दिवाळी मुलुंडला आणि नंतर कायमची मुलुंडला. डबी दसऱ्याला बाजारात येणार होती. त्यामुळे मंडळाच्या बायकांनी डबी पास व्हावी म्हणून देवाला साकडं घातलं. माझ्या माहितीत एखाद्या यंत्रासाठी बोरिवलीत झालेली ही पहिलीच प्रार्थना.

शेवटची परीक्षा साहजिकच आईच्याच घरी ठरली. पहिल्याच दिवशी माझा फोन खणखणला, 'आई पडल्या'. मी मीटिंग टाकून रिक्षात बसलो, बहीण भांडुपहून निघाली, दोघं एकदमच दारात पोचलो. आई फतकल मारून मेथी निवडत होती. "आलात तसे जुडी घेऊन जा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने देवापुढे वाकून नमस्कार केला आणि पुन्हा तीच पळापळ. डबी बनवणारी मुलं खुर्चीत वाढलेली. त्यांच्या हिशेबाने जो जमिनीवर गेला, तो पडला. जावईबापूंनी त्यांना समजावलं, "बाबांनो, आमच्या आया जमिनीवरच बसतात. जो हळू खाली जातो, तो पडत नाही, तो बसतो. त्याला सोडा." मुलांनी तशी दुरुस्ती केली. डबी एकदम शहाण्यासारखी वागू लागली. आई मेथी निवडो, वाती वळो, दुपारी चटईवर लवंडो, डबी गप्प. आणि जावईबापू दाणकन पडले की क्षणात तिघांचे फोन वाजत. आम्ही सगळे खूश. मुलुंडला आईसाठी आणलेला पलंग मी परत करायच्या गोष्टी करू लागलो.

नवरात्रात आईने त्यांना सही करायच्या आदल्या दिवशी मुद्दाम जेवायला बोलावलं. मी आणि बहीणही होतो. जेवणाआधी त्यांनी उंबऱ्याशी एक नेत्रदीपक पडणं सादर केलं. फोन वाजले, आईने पुरणपोळीवर तूप सोडलं. जेवता जेवता त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. रंगावर हाताच्या उंचीपासून खालपर्यंत एक मळकट, तेलकट पट्टा उतरला होता.

"आई, हा पट्टा कसला?"

"तो होय? बसताना मी हात धरते ना भिंतीला. पुसायचा राहिलाय."

"आणि गेल्या वर्षी पडलात तेव्हा?"

"पडले कुठे? गरगरलं, म्हणून भिंतीला धरून हळूच खाली बसले. मग आडवी झाले. मग काही उठता येईना."

जावईबापूंचा घास हातात राहिला. ते उष्ट्या हातानेच उठले, डावा हात त्या पट्ट्यावर टेकवला, आईसारखेच सावकाश खाली सरकले, कुशीवर झाले आणि डोळे मिटून पडून राहिले. आम्ही फोनकडे बघत बसलो. पोळी गार झाली. तूप थिजलं. डबीवरचा हिरवा दिवा शांतपणे तेवत होता. तिच्या लेखी घरात आणखी एक माणूस मजेत बसलं होतं. "सापडला," जमिनीवरून आवाज आला. पण या वेळी त्या शब्दात आनंद नव्हता. उठून बसत ते म्हणाले, "हळू जाणाऱ्याला सोडा, असं मीच सांगितलं होतं ना यार. आपण सगळे सिनेमातल्यासारखे पडत बसलो. म्हातारी बाई अशी पडतच नाही. ती आधी भिंत शोधते."

त्यांनी सही केली नाही, आणि घरीदारी त्यांची वाट लागली. कंपनीत दसऱ्याची जाहिरात तयार होती. साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं की अशी एखादीच केस असते. मी त्यांना फोन केला, "अरे एक सही कर ना. तिथे सगळे मोकळे होतील, इथे आई सुटेल."

"सही करीन रे," ते म्हणाले. "पण मग फोन तुला येणार नाही."

आईने तर प्रथमच त्यांच्याशी आवाज चढवला. "जावईबापू, पास करून टाका. मी नाही पडणार."

"आई, तुम्ही पडणार नाही, हे मला टेस्ट करता येत नाही."

आई त्यानंतर त्यांच्याशी बोलेना. ज्या माणसाने तिला तिच्या घरात ठेवायचं, तोच तिला घराबाहेर काढायला निघाला होता, असंच तिला वाटलं. आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. जावईबापूंचं जेवण कमी झालं, असं बहिणीने कळवलं. हे आमच्या घराण्याचं हत्यार त्यांनी उचललं, तेव्हा मात्र मला त्यांच्याबद्दल माया वाटली.

मग एका सकाळी ते बोरिवलीला भजनी मंडळाच्या सरावात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काकू, माझ्या ऑफिसात येऊन पडाल का?" सगळं ऐकून घेतल्यावर मंडळाच्या पेटीवाल्या काकू आईला म्हणाल्या, "तुझा जावई वेडा आहे गं, पण आपल्या कामाचा आहे." भाड्याच्या मिनीबसमधून अख्खं मंडळ अंधेरीला निघालं. मला जावईबापूंनी आईला सांभाळायला म्हणून बरोबर घेतलं होतं. ठेवणीतल्या साड्या, केसांत गजरे. लग्नाला निघाव्यात तशा बायका पडायला निघाल्या होत्या. ऑफिसातल्या मोठ्या मीटिंगच्या खोलीत टेबल बाजूला सारलं होतं, भिंतीवर डबी होती, आणि डबी बनवणारी मुलं त्यांना झेलायच्या तयारीत हात पसरून उभी होती. "काकू, घेरी आली की काय करता ते करा," जावईबापूंनी सांगितलं. आणि त्या मंडळाने जे केलं ते बघण्यासारखं होतं. एकीने आधी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि मग ती खाली गेली. एकीने हातातला चहाचा कप टेकवायला जागा शोधली. एकीने पदर सावरला, मगच तिला चक्कर आली. एक "धर गं, धर गं" म्हणत शेजारणीलाही घेऊन बसली. माझी आई, जावयाशी न बोलता, भिंतीला हात लावून शेवटी उतरली. झेलणाऱ्यांना झेलायला काहीच मिळालं नाही. पडलेली एकही बाई कोसळली नव्हती.

साहेब आत आले तेव्हा त्यांच्या गालिच्यावर संपूर्ण भजनी मंडळ ओळीने आडवं होतं आणि डबीचा दिवा हिरवागार होता. "हे काय आहे?" साहेबांनी विचारलं. "सर, आपली सिस्टिम म्हणतेय की या सगळ्या ठणठणीत आहेत," जावईबापू म्हणाले. तेवढ्यात पेटीवाल्या काकू जमिनीवरून म्हणाल्या, "ते राहू दे. आता मला उठवा कुणीतरी. माझं मला उठता येत नाही." मुलं पुढे झाली, पण साहेबच आधी वाकले. काकूंचं वजन हातावर पेलत त्यांना उभं करताना त्यांनी भिंतीवरच्या हिरव्या दिव्याकडे एकदा बघितलं, आणि मला वाटतं त्यांना तिथे काकू दिसत नव्हत्या, त्यांच्या घरचंच कुणी दिसत होतं. काकू खुर्चीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "जाहिरात थांबवा." आमच्या जावईबापूंनी लढाई जिंकली होती. परतीच्या मिनीबसमध्ये मंडळाने झांजा काढल्या आणि पार बोरिवलीपर्यंत जो गजर केला, त्याने पुढच्या गाड्या आपोआप वाट देत होत्या. आई खिडकीशी बसली होती. उतरताना तिने जावईबापूंना विचारलं, "जेवलात का?" तह झाल्याची आमच्याकडे हीच खूण आहे.

दुरुस्ती अशी ठरली: बसलेलं माणूस कधी पूर्ण स्वस्थ नसतं. ते मेथी निवडतं, माळ ओढतं, डास मारतं. खाली गेलेलं माणूस बराच वेळ हललंच नाही, तर डबीने बोलायचं, विचारपूस करायची. आणि उत्तर आलं नाही तर फोन लावायचे. कंपनीने त्यासाठी एका बाईचा गोड आवाज भरला. "आपण ठीक आहात का?" असं त्या बाईने विचारताच आई म्हणाली, "कोण गं तू?" आणि पुढे एक अक्षर बोलेना. ओळख ना पाळख, अशा बाईला घरातलं का सांगायचं? तेव्हा जावईबापूंनी नियम बदलायला लावला. घरच्याच कुणाचा तरी आवाज भरायचा. आईच्या डबीत त्यांनी स्वतःचा भरला: "आई, काय करताय?"

दिवाळीच्या तोंडावर शेवटची परीक्षा झाली. घरात चकलीचा वास होता. आईने त्या पट्ट्यावर हात टेकला, खाली सरकली, कुशीवर झाली. तिने बोलायचं नाही, असं तिला बजावून ठेवलं होतं. आम्ही तिघं जिन्यात उभे. आतून आवाज आला, "आई, काय करताय?" आई गप्प. पुन्हा आला. आई गप्प. रुसव्याचे ते दिवस सोडले तर आयुष्यात जावयाला उत्तर द्यायचं तिने तेव्हाच टाळलं असेल. आणि मग जिन्यात तिघांचे फोन एकदम वाजले. बहिणीने नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी फोन घ्यायचा विसरून तो नुसता वाजू देत उभा राहिलो. एवढा गोड आवाज त्यातून पूर्वी कधी आला नव्हता. आतून आई ओरडली, "वाजला का? मग उठू का?" जावईबापूंनी तिथेच, जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली.

मुलुंडचा पलंग मी परत केला. आईने दिवाळी तिच्या घरी केली, आणि आता तशा डब्या पुष्कळ घरांत लागल्या आहेत.

परवा दुपारी मी बोरिवलीला गेलो. किल्लीने दार उघडलं तर आई भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली, हात मांडीवर, नजर डबीकडे, पुतळ्यासारखी स्तब्ध. मी चप्पल न काढताच पुढे झालो. तिने बोट ओठांवर ठेवून मला दारातच थांबवलं. थोड्या वेळाने डबीतून जावईबापूंचा आवाज आला, "आई, काय करताय?" आई सावरून बसली आणि सांगू लागली. तुळशीला कळ्या आल्यात. पेटीवाल्या काकू मुलाकडे गेल्यात, त्यामुळे सराव बंद आहे. डाळ आज जरा पातळ झाली. डबी ऐकत होती की नाही कोण जाणे. माणूस हललं, बोललं, एवढ्यावर तिचं समाधान होतं. "गप्प बसलं की विचारतो," आई मला म्हणाली, "रोज दुपारी."

मी संध्याकाळी जावईबापूंना हे सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. रोज दुपारी त्याच वेळी डबी विचारते, हे डबीच्या नोंदींतून त्यांच्या कधीच नजरेत आलं होतं. कुणी विनाकारण डबीला बोलायला लावतंय, हा त्यांच्या शास्त्रात चक्क बिघाड. जनरेटर, कुलूप, गॅस, कशालाही ज्या माणसाने दयामाया दाखवली नाही, त्याला मी विचारलं, "मग दुरुस्त कधी करणार?"

"कशाला?" ते म्हणाले. "चालतंय ना. चालतंय त्याला हात लावू नये." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आवाज मात्र बदलायला हवा रे. रोज जावयानेच का विचारायचं? एक दिवस तुझा भरू या."